रेखाताईंचा डास

रेखाताईंच्या वडिलांचा ताप एक दिवसाआड यायचा, आणि त्यांची नोकरी गेली ती मधल्या बऱ्या दिवसांमुळे.

वडिलांना त्या अण्णा म्हणत. धाराशिवकडून आलेलं कुटुंब, दापोडीत रुळालगतच्या गल्लीत एक खोली, आणि अण्णा पिंपरीतल्या एका फाउंड्रीत ठेकेदाराकडून लागलेले. यंदा परमनंट होऊ, अशी घरात सगळ्यांना आशा होती. त्या पावसाळ्यात अण्णांना हिवताप झाला. आज दुपारी दात वाजेपर्यंत थंडी, अंगावर घरातली सगळी पांघरुणं आणि त्यावर दोन्ही पोरं दाबून बसलेली. उद्या माणूस ठणठणीत. बऱ्या दिवशी अण्णा कामावर जायचे आणि परवा पुन्हा खाडा. सुपरवायझर म्हणायचा, "काल तर साचे उचलत होतास की. आज बरा ताप आला तुला."

दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या. उपाशीपोटी घेऊ नका, असं बजावून सांगितलेलं. अण्णांचा गुरुवारचा कडक उपवास, म्हणून गुरुवारी गोळी नाही. शुक्रवारी अंग हलकं वाटलं, म्हणून उरलेल्या गोळ्या फळीवर गेल्या. दिवाळीनंतर तोच ताप परत आला. या वेळी ठेकेदारानं अण्णांना गेटवरच अडवलं. "तुमच्या वस्तीतच घाण," तो म्हणाला. "घाणीत राहायचं, डास चावून घ्यायचे आणि खाडे करायचे. बरा झालास की ये." अण्णा बरे होऊन गेले तेव्हा त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा होता.

पुढं अण्णा वॉचमन झाले. आई एका मेसमध्ये चपात्या लाटायला लागली आणि आठवीतल्या रेखाताई शाळेच्या आधी डबे पोचवायला लागल्या. हे सगळं त्या कधी गळा भरून सांगायच्या नाहीत. कालच्या बसला उशीर झाला, अशा आवाजात सांगायच्या आणि शेवटी विचारायच्या, "पण मला सांग संतोष, तो डास कुठला होता?"

संतोष म्हणजे मी. माझे वडील चाकणच्या कांदा मार्केटमध्ये हमाल. आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिला, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. रेखाताई ज्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होत्या तिथं मी प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनाही सांगितलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नाही. "आमच्याकडं पण मीच पहिली," म्हणाल्या. "आता त्या ट्रेमधल्या अळ्यांना खायला घाल."

तेव्हा त्यांची पस्तिशी उलटलेली. मधली बरीच वर्षं क्लासमध्ये शिकवून, धाकट्या भावाला आयटीआय करून देऊन मग संशोधनाला आलेल्या. उंचीनं कमी, चालणं भरभर, पायात गमबूट, पाठीला सॅक आणि सॅकमधून वर आलेला एक दांडा. भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडून त्यांनी पांढऱ्या इनॅमलच्या वाडग्याला नटबोल्ट लावून तो दांडा जोडून घेतला होता. वाडगा पाण्यावर तिरका टेकवायचा आणि वरचं पाणी अलगद आत घ्यायचं. पांढऱ्यावर अळी लगेच दिसते. आम्ही त्याला ओगराळं म्हणायचो. अनोळखी माणसं विचारायची, "ताई, कुठं पंगत आहे का?"

पाणी साठवलेलं दिसलं की झाकण उचलायचं, ही त्यांची सवय नव्हती, खोड होती. लग्नाला गेल्या तरी अक्षता पडायच्या आधी मांडवामागची पिंपं बघून आलेल्या असायच्या. त्यांची आई वैतागायची. "हिला कुणाकडं न्यायची सोय न्हाई. लोकं चहा ठिवत्यात आन् ही त्यांची मोरी बघती."

त्यांच्यासमोर डास मारायला बंदी होती. हात उगारला की त्या म्हणायच्या, "थांब. कशी बसलीय बघू दे." चावते ती मादीच, म्हणून त्या डासाला नेहमी 'ती' म्हणायच्या. डेंगीची मादी भिंतीला समांतर बसते. हिवतापाची बसते ती डोकं खाली, मागची बाजू वर, तिरकी. अळ्यांचंही तसंच. डेंगीच्या अळ्या पाण्यात उलट्या लोंबकळतात, हिवतापाच्या पृष्ठभागाला चिकटून आडव्या पडतात, काडीचा तुकडा पडावा तशा. हे एकदा डोळ्यांना कळलं की विसरत नाही. मी आजही सलूनमध्ये बसलो तरी भिंतीवरच्या डासाची बसणी बघतो. न्हावी म्हणतो, "मान सरळ ठेवा राव."

कौतुक करायला त्यांना जमायचं नाही. 'ठीक' हा त्यांचा सगळ्यात मोठा शब्द. डब्याच्या बाबतीत मात्र मन उदार, म्हणजे दुसऱ्याच्या डब्याच्या. आणि कुठल्याही वादात त्यांचं एकच म्हणणं: "आधी बघू, मग बोलू."

अळ्यांना आम्ही कुत्र्याची बिस्किटं कुटून त्यात यीस्ट मिसळून घालायचो. सगळीकडं तसंच घालतात. एकदा त्या बिस्किटांचा मोठा पुडा त्यांनी घरी नेला, सकाळी प्रयोगशाळेत आणायचा म्हणून. त्याच दिवशी गावाकडून चुलते आलेले. आईनं चहा दिला. चुलत्यांनी फळीवरचा पुडा फोडला आणि एकेक बिस्कीट बुडवून खाल्लं. रेखाताई घरी पोचल्या तेव्हा निम्मा पुडा संपलेला.

"काका, ती बिस्किटं डासांची आहेत."

चुलत्यांनी हातातलं बिस्कीट उलटंपालटं करून बघितलं. "डासाला दात हायेत का? लई कडक हाय ही," असं म्हणून त्यांनी ते परत चहात बुडवलं.

हे त्या सांगायच्या तेव्हा हसायच्या, पण चुलत्यांनी खाल्लेल्या बिस्किटांचा राग त्यांच्या मनात बरेच दिवस होता. अळ्या एक वेळ उपाशी राहिल्या होत्या.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, या औद्योगिक पट्ट्यात हिवतापाचा डास नेमका कुठं वाढतो. पहिले दोन पावसाळे आम्ही वस्त्या पालथ्या घातल्या. दापोडी, पिंपरी, चाकणच्या भाड्याच्या खोल्या. पाणी दिवसाआड येणारं, म्हणून प्रत्येक घरात पिंप. आणि आमच्या हातात पत्रक, की आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा. दापोडीत एका मावशींनी ते पत्रक वाचलं आणि पदराला हात पुसत विचारलं, "भरलेलं वतून देऊ? मग उद्या पोरं आंघोळीला तुमच्याकडं पाठवू का?"

मी समजावायला तोंड उघडलं, तर रेखाताईंनी मलाच गप्प केलं. "बरोबर आहे मावशी. नका ओतू. वरून फडकं घट्ट बांधा, झाकणाच्या खालून."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "ताई, पत्रकात तर वेगळंच लिहिलंय."

"पत्रक लिहिणाऱ्याकडं रोज पाणी येत असेल."

त्या पिंपांत डेंगीच्या अळ्या सापडायच्या, भरपूर. हिवतापाची एकही नाही. आमचे गाईड, देशमाने सर, सरळ माणूस. एका संध्याकाळी त्यांनी रेखाताईंना बोलावलं. मी बाजूच्या टेबलावर काचपट्ट्या पुसत होतो.

"रेखा, मुदतवाढ ही शेवटची. मार्चपर्यंत हिवतापाचा डास मिळाला नाही तर नोंदणी रद्द होईल. डेंगीचा ढिगानं मिळतोय. विषय बदलू. नाहीतर इतकी वर्षं पाण्यात जातील."

"पाण्यातच शोधतेय सर."

सर हसले नाहीत. रेखाताईही हसल्या नाहीत. त्या खुर्ची ओढून बसल्या. "सर, चाकणच्या दवाखान्यात हिवतापाचे पेशंट येतायत. मी बसून विचारलंय, त्यातले बरेच जण सेकंड आणि थर्ड शिफ्टवाले. ही बाई अंधार पडल्यावर चावते. अंधार पडल्यावर ही माणसं असतात कुठं? कंपनीत. आणि आपण दिवसा त्यांच्या घरची पिंपं उघडतोय."

"कंपन्या आत घेत नाहीत."

"हो. तेवढंच राहिलंय."

त्या दिवशी बसस्टॉपवर मी त्यांना एक गोष्ट विचारली. हिवतापाची ही जात स्वच्छ पाण्यात वाढते, हे पुस्तकात आहेच. मग अण्णांना सांगून का टाकत नाही, की घाणीचा काही संबंध नव्हता?

"पुस्तकातली दुसऱ्या शहरातली आहे. इथली मी पाहिलेली नाही."

"पण तीच जात ना?"

"अण्णांना गेटवर जे ऐकवलं ते न बघता ऐकवलं होतं. मी पण न बघता सांगू?"

कंपन्यांची दारं मात्र उघडेनात. कुठं एचआरला भेटा, कुठं हेड ऑफिसला मेल करा. मेलचं उत्तर कधी यायचं नाही. मग माझ्या डोक्यात खंडेनवमी आली. या दिवशी इकडच्या कंपन्यांत मशीनची पूजा असते. शॉप फ्लोअर धुऊन काढतात, प्रेसला झेंडूच्या माळा, लेथला हळदकुंकू, आणि कामगारांच्या बायकापोरांना आत सोडतात. बाप वर्षभर कुठं उभा राहतो ते पोरं त्या दिवशी बघतात. माझे दाजी चाकणच्या एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत फिटर. मी त्यांना विचारलं. दाजींनी बराच वेळ गाल खाजवला.

"पाहुणी म्हणून न्यायला हरकत नाही. पण रेखाताई, माझी नोकरी आहे हां तिथं."

"फक्त बघीन," रेखाताई म्हणाल्या.

खंडेनवमीला त्या जांभळी साडी नेसून, गजरा माळून आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच गमबुटांशिवाय पाहिलं. ओगराळ्याचा दांडा काढून ठेवलेला, वाडगा पर्समध्ये. माझी बहीण भाच्याला मशीन दाखवत होती, दाजी घामाघूम, आणि रेखाताईंची नजर भिंतीकडेनं फिरत होती. पेंट स्टोअरच्या मागं सावलीत आग विझवायची पिंपं ओळीनं उभी होती. लालभडक नवा रंग, वर पत्र्याची सैल झाकणं, झाकणांवर झेंडूची फुलं. त्यांनाही कुणी तरी कुंकू लावलेलं.

त्यांनी एक झाकण सरकवलं. तेवढ्यात सिक्युरिटीवाला आला. "मॅडम, प्रसाद तिकडं आहे."

"हो दादा. हाताला कुंकू लागलंय, जरा धुते."

तो गेला. त्यांनी वाडगा टेकवला, पाणी घेतलं आणि उजेडाकडं वळवला. मी वाकून पाहिलं. झेंडूची एक पाकळी, आणि तिच्या शेजारी पृष्ठभागाला चिकटून आडव्या पडलेल्या बारीक अळ्या.

त्यांनी वाडगा परत पिंपात ओतला, झाकण लावलं, फूल होतं तसं ठेवलं.

"ताई, बाटली आहे माझ्याकडं," मी म्हणालो. "इतकी वर्षं शोधली आणि ओतून दिली?"

"चोरून नेलेलं पाणी प्रबंधात चालत नाही."

"नुसती ओळख पटवायला तरी."

"आणि दाजींना गेटवर विचारलं तर? एका हिवतापानं एक नोकरी घालवलीय, तेवढी पुरे." मग पदर सावरत म्हणाल्या, "चल, प्रसादाचे पेढे घेऊ."

त्यानंतर रेखाताई त्याच कंपनीच्या गेटवर जायला लागल्या. सांगून, नाव लिहून, ओगराळं हातात उघडं धरून. दाजींशी आपली ओळख नाही, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. ते शेजारून गेले तरी मान वर करायच्या नाहीत. सिक्युरिटीवाल्यानं त्यांना ओळखलं नाही. साडीतली पाहुणी आणि गमबुटातली ही बाई एकच असेल असं त्याच्या मनात आलं नसावं. पुढं पुढं तो त्यांच्यासाठी खुर्ची बाहेर काढून ठेवायचा. शेवटी कंटाळून प्लांट मॅनेजरांनी आत बोलावलं. मी बरोबर होतो.

"मॅडम, आमच्याकडं डास नाहीत. आमची कंपनी एकदम स्वच्छ आहे."

"म्हणूनच आले सर. ही स्वच्छ पाण्यातच वाढते."

मॅनेजरांनी सेफ्टी ऑफिसरकडं पाहिलं. सेफ्टी ऑफिसर म्हणाला, "पाणी म्हणजे फक्त फायरची पिंपं. ती रिकामी करता येत नाहीत मॅडम. ऑडिटला काठोकाठ भरलेली लागतात. कमी झालं की आम्ही वरून भरतो."

"आणि आधीचं पाणी?"

"ते कशाला काढायचं? चांगलंच असतं."

"बातमीबितमी झाली तर?" मॅनेजर म्हणाले.

"कंपनीचं नाव कुठं येणार नाही. मला आठवडाभर पिंपं बघू द्या. नाही सापडली तर नाही सापडली, असं लिहून देईन, तुम्हाला पण एक प्रत."

मला वाटतं, ती प्रत मिळेल म्हणूनच त्यांनी परवानगी दिली. आणि अळ्या सापडल्या. पेंट स्टोअरमागं सापडल्या, गोडाऊनमागं सापडल्या. प्रयोगशाळेत वाढवल्यावर त्यांच्यातून ती बाहेर आली, जाळीवर डोकं खाली करून तिरकी बसली. त्या दिवशी रेखाताईंनी मला जवळ बोलावलं, बोटानं दाखवलं आणि म्हणाल्या, "ठीक."

मॅनेजर शब्दाला पक्के निघाले. हात झटकले नाहीत. "आता काय करायचं?" एवढंच विचारलं. सेफ्टी ऑफिसर मात्र अडून बसला, पिंप भरलेलंच पाहिजे. रेखाताई म्हणाल्या, "भरलेलंच ठेवा. फक्त ओतून भरा. गुरुवारी तुमची सुट्टी असते, प्लांट बंद. दर गुरुवारी सगळी पिंपं, एकेक करून ओतायची, पाणी झाडांना घालायचं, लगेच भरायची. अळीला पंख फुटायला आठवड्याहून जास्त दिवस लागतात. मधे गुरुवार आला की ती संपली. आणि झाकणं घट्ट करा."

सेफ्टी ऑफिसर विचार करून म्हणाला, "हे होईल."

हे बघून आणखी कंपन्यांनी दारं उघडली. काहींकडं मिळाली, काहींकडं नाही. जिथं नाही मिळाली तिथं त्यांनी कबूल केल्याप्रमाणं तसं लिहून दिलं.

आता वाटलं, सगळं जुळलं. वस्तीवरचा आरोप पुसला गेला. प्रबंध लिहायला बसायच्या आधी त्यांनी दापोडीचा शेवटचा फेरा ठेवला होता. मी म्हणालो, कशाला आता? त्या गेल्या. अण्णांच्याच गल्लीत एका नव्या इमारतीच्या गच्चीवर सिमेंटची टाकी, झाकण तुटलेलं. शिडीवर मी खाली, त्या वर. त्यांनी ओगराळं आत सोडलं.

"काय आहे?"

"आहे."

"कुठली?"

"आडवी."

त्या खाली आल्या. मी लगेच म्हणालो, "एकच टाकी आहे ताई. मोठ्या अभ्यासात एका टाकीनं काय होतं?"

"बाटलीवर जागा लिही. दापोडी लिही, गल्लीसकट." माझा हात थांबलेला पाहून म्हणाल्या, "कंपनीतली सापडली ती सापडली, आणि आमच्या गल्लीतली सापडली नाही, असं होतं का? लिही."

मी लिहिलं. मुदत संपायच्या आत प्रबंध जमा झाला, त्यात ती टाकी आहे.

मौखिक परीक्षेला अण्णा आले होते. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, मागच्या रांगेत माझ्या शेजारी. आई नव्हती आली. "मला तिथलं काय कळतंय," म्हणाली आणि घरी पुरणाचा घाट घातला. परीक्षकांनी बरंच विचारलं. रेखाताई उभ्या राहून एकेक उत्तर देत होत्या, कुठं माहीत नसेल तर माहीत नाही म्हणत होत्या. शेवटी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, सभागृहातून कुणाला काही विचारायचं आहे का. असं कुणी विचारत नाही. लोकांचं लक्ष चहाकडं लागलेलं असतं.

अण्णांनी हात वर केला.

मी त्यांच्या बाहीला हात लावला, पण ते उठून उभे राहिले. "मला फाउंड्रीत असताना थंडीताप आलता," ते म्हणाले. "तवा ठेकेदार म्हनला, तुमच्या वस्तीतल्या घाणीनं आला. तर तो डास कुठला व्हता?"

परीक्षक एकमेकांकडं पाहायला लागले. देशमाने सरांनी मान खाली घातली. रेखाताईंनी परीक्षकांना जसं उत्तर दिलं होतं, अगदी तसंच दिलं.

"ते आता सांगता येत नाही. फाउंड्रीतल्या पिंपातली असेल. आपल्या गल्लीतल्या टाकीतली पण असेल. एका टाकीत आम्हाला मिळालीय. पण घाणीतली नव्हती. या सगळ्या पट्ट्यात आम्हाला ती घाण पाण्यात एकदाही मिळाली नाही. जिथं मिळाली तिथं पाणी स्वच्छ होतं."

"स्वच्छ."

"हो. प्यायच्या पाण्याइतकं."

"बरं," अण्णा म्हणाले. "एवढंच इचारायचं व्हतं." आणि खाली बसून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पुढं रेखाताईंना दुसऱ्या राज्यात नोकरी लागली. आता कधीमधी फोन होतो. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिल्यात त्या त्याच दुपारच्या. निकाल जाहीर झालेला, लोक हात मिळवतायत, अण्णा पेढ्यांचा बॉक्स छातीशी धरून व्हरांड्यात उभे, आणि रेखाताई गर्दीत नाहीत. मी शोधत मागं गेलो. कॅन्टीनच्या मागच्या बाजूला त्या साडीचा काठ एका हातात धरून पाण्याच्या पिंपात वाकून बघत होत्या. माझी चाहूल लागली तेव्हा झाकण लावून म्हणाल्या, "काही नाही. चल, अण्णा थांबलेत."

रेखा जगदाळे यांना हिवतापाच्या डासावर पीएच.डी. मिळाली. त्यांच्या घरातली पहिली पदवी त्यांचीच होती, आणि पहिली डॉक्टरेटही त्यांचीच. चाकणच्या त्या कंपनीत दर गुरुवारी लाल पिंपं ओतून भरतात, आणि दाजी अजून तिथंच कामाला आहेत.